उपशयाचा आभास : अम्लपित्त समजून हातून निसटणारा हृदयविकार

तालुक्याच्या अथवा बाजारपेठेच्या गावी ज्यांचा चिकित्साव्यवसाय आहे, अशा वैद्यबंधुभगिनींना सायंकाळच्या रुग्णगर्दीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या गर्दीत 'पित्त खवळले आहे', 'गॅस छातीत धरला आहे', 'उरात जळजळते' अशी तक्रार घेऊन येणारे दोन-चार रुग्ण रोजच असतात. त्यांपैकी बहुतेकांना खरोखरीच अम्लपित्त असते. सूतशेखर, कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण, शंखवटी यांपैकी काहीतरी योजावे, पथ्य सांगावे, चहा व शेंगदाण्याच्या कुटाविषयी दोन शब्द बोलावेत. रुग्ण बरा होतो आणि त्याचबरोबर आपला आत्मविश्वासही बळावतो. प्रस्तुत लेखाचा विषय हे बहुतेक रुग्ण नव्हेत. त्यांच्याच रांगेत, त्यांच्याच शब्दांत तक्रार सांगत बसलेला, परंतु ज्याच्या हृदयाच्या एका धमनीत त्याच क्षणी रक्ताची गुठळी धरलेली आहे, असा जो एखादा रुग्ण वर्षाकाठी आपल्यासमोर येतो, त्याच्याविषयी हा लेख आहे.

असा एक रुग्ण माझ्या हातून निसटला. त्या घटनेस आता अकरा वर्षे झाली. हा प्रसंग मी यापूर्वी कोठे लिहिलेला नाही; परंतु आपल्या नियतकालिकांतून यशस्वी चिकित्सेचे अनुभव विपुल येतात आणि फसलेल्या निदानाचे जवळजवळ येतच नाहीत, हे योग्य नव्हे असे वाटल्यावरून येथे नोंदवीत आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

तुळशीचे लग्न नुकतेच झालेले होते. सायंकाळी सव्वासातच्या सुमारास ४७ वर्षे वयाचे एक ऊस बागायतदार मोटारसायकलवरून, स्वतः गाडी चालवीत, दवाखान्यात आले. चार वर्षांपासून अम्लपित्तासाठी ते माझ्याकडेच येत असत. तंबाखू-चुन्याची सवय जुनी. "डॉक्टर, आज पित्तानं लई जोर केलाय. दुपारी लग्नात जेवलो, तेच नडलं बघा," असे म्हणत ते बाकावर बसले. त्रास साडेसहाच्या सुमारास सुरू झालेला. आमाशयप्रदेशी, उरोस्थीच्या खालच्या टोकाशी दडपल्यासारखी वेदना, मळमळ, एक उलटी. सदरा पाठीला चिकटलेला होता. वीज गेलेली होती आणि ते वाहन चालवीत आले होते, तेव्हा घाम असणारच, असे मी मनाशी ठरवून टाकले. नाडी मिनिटास ५४. ती मंद लागली तेव्हा कफानुबंधाचा विचार मनात आला. रक्तदाब ११०/७०. पोट मऊ होते. शंखवटी व सूतशेखर कोमट पाण्याबरोबर देऊन त्यांना बाकावरच बसवून ठेवले. वीस मिनिटांनी विचारले, तर म्हणाले, "आता बरंच हलकं वाटतंय." तीन दिवसांचे औषध बांधून दिले आणि त्यांना घरी पाठविले.

रात्रीतून तीन उलट्या झाल्या. 'पित्त पडते आहे, पडून जाऊ दे' असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले. पहाटे श्वास पुरेना तेव्हा जीप काढली. साडेपाच वाजता उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी निघाला, तो हृदयाच्या अधोभागी झालेल्या तीव्र आघाताचा होता. वेदनेस प्रारंभ होऊन अकरा तास उलटले होते. गुठळी विरघळविणारे औषध त्याही वेळी देण्यात आले, नंतर शहरात नेऊन अँजिओप्लास्टी झाली. प्राण वाचले. परंतु हृदयस्नायूचा जो भाग मेला तो मेलाच. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्यास सुमारे ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलते; त्यांचे हृदय आज ३५ टक्के ढकलते. शेत खंडाने दिले आहे. पन्नास पावले चालले की थांबतात.

त्यांनी मला कधी दोष दिला नाही. त्यांच्या पत्नीने मात्र एकदा, औषधाची पुडी हातात घेत असता, अगदी सहज स्वरात विचारले, "त्या संध्याकाळीच कळलं नसतं का हो, डॉक्टर?" मी त्यांना खरे ते सांगितले. कळायला हवे होते. वेदनेस प्रारंभ होऊन पाऊण तास झाला होता, तेव्हा रुग्ण माझ्या बाकावर होता. त्यानंतरचे दहा तास वाया गेले, त्यांपैकी पहिला निर्णय माझा होता.

उपशयाने घात केला

माझी चूक नेमकी कोठे झाली, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. घामाकडे दुर्लक्ष केले, नाडीचा अर्थ सोयीचा लावला, हे खरेच. परंतु खरी चूक वीस मिनिटांनंतर झाली. औषध दिले, बरे वाटले, म्हणून निदान खरे ठरले, असे मी गृहीत धरले. आपल्या निदानपंचकात उपशयास स्थान आहे. ज्या व्याधीची लक्षणे गूढ आहेत त्याची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. पदवीच्या पहिल्या वर्षांपासून हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. आणि नेमका येथेच तीव्र हृदयविकार आपल्याला फसवितो.

त्याचे कारण असे. धमनीतील गुठळी ही एकदा बसविलेल्या बुचासारखी स्थिर नसते. ती काही वेळ पूर्ण अडथळा करते, अंशतः विरघळते, पुन्हा धरते. त्यामुळे वेदना आपोआप चढते आणि आपोआप उतरते. रुग्ण चालत, वाहन चालवीत दवाखान्यात येतो व बाकावर स्वस्थ बसतो, एवढ्या विश्रांतीनेही हृदयाची गरज घटून वेदना कमी होऊ शकते. त्या वीस मिनिटांत आपण शंखवटी दिलेली असो, आधुनिक आम्लविरोधी द्रव दिलेला असो, अथवा नुसते पाणी दिलेले असो, श्रेय औषधालाच जाते. हा उपशय नव्हे, उपशयाचा आभास होय. आम्लविरोधी औषधाने छातीतील वेदना थांबली, यावरून ती वेदना हृदयाची नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही, ही गोष्ट आधुनिक तात्कालिक चिकित्सेतही आता सर्वमान्य आहे. जीर्ण व्याधीत उपशयाने परीक्षा अवश्य करावी. ज्या व्याधीत तासाचा हिशेब आहे तेथे ती करीत बसण्यास अवकाशच नसतो.

दुसरा सापळा ग्रंथांतील वर्णनाचा आहे. दोष ग्रंथाचा नाही, आपल्या वाचनाचा आहे. माधवनिदानात अम्लपित्ताच्या लक्षणांत हृदय व कंठ यांचा दाह, उत्क्लेश, क्लम, अरुची ही सांगितली आहेत. हृदयाच्या अधोभागाचा आघात झाला असता रुग्ण काय सांगतो? उरात जळजळ, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, अन्नाचा तिटकारा. शब्दशः तेच. हृदयाचा हा भाग महाप्राचीरा पेशीवर, म्हणजे उर व उदर यांमधील पडद्यावर, टेकलेला असल्याने तेथील वेदना आमाशयाची वाटते. शिवाय या आघातात नाडी मंद होणे हेही नेहमीचे आहे. ५४ ची नाडी, घाम आणि उलटी हे तिन्ही एकत्र माझ्यापुढे होते. मी तिघांस तीन वेगवेगळी कारणे दिली.

मला असेही वाटते की जुना रुग्ण हा या बाबतीत नव्या रुग्णापेक्षा अधिक धोक्यात असतो. नव्या रुग्णास आपण प्रश्न विचारतो; जुन्या रुग्णाची वही उघडून मागचेच औषध पुढे चालवितो. म्हणून आता मी उरोवेदनेच्या प्रत्येक जुन्या रुग्णास प्रथम एकच प्रश्न करतो : "हे नेहमीसारखंच आहे, की आज काही वेगळं आहे?" पुष्कळदा रुग्ण क्षणभर थांबतो. त्या थांबण्याकडे लक्ष द्यावे.

काळाचा हिशेब

धमनी पूर्ण बंद झाल्यानंतर हृदयस्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत दिल्यास त्याचा लाभ सर्वाधिक, त्यानंतर तो झपाट्याने घटतो, आणि बारा तासांनंतर सामान्यतः ते दिले जात नाही. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या केंद्रात रुग्ण सुमारे दोन तासांत उपचाराखाली येणे शक्य असेल तर तेथेच न्यावा. तेवढ्यात पोहोचणे अशक्य असेल तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळविणारे औषध घेऊन मग पुढे जावे, असा आजचा संकेत आहे. आमच्या तालुक्यापासून असे केंद्र ६० किलोमीटरवर आहे. साखर कारखान्याचा हंगाम चालू असला की उसाच्या गाड्यांतून तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते आपल्यालाच ठाऊक असते, आणि रुग्णास कोठे धाडावे हे ठरविताना त्याचा विचार करावा लागतो.

वेळ नेमका कोठे जातो, यावर प्रकाश टाकणारा एक मोठा भारतीय अभ्यास २००८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'क्रिएट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदणीत देशातील ८९ केंद्रांतील वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचण्याचा मध्यक काळ आढळला ३६० मिनिटे. आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून गुठळी विरघळविणारे औषध सुरू होईपर्यंतचा काळ ५० मिनिटे. म्हणजे दिरंगाई मोठ्या रुग्णालयात होत नाही. ती घरी होते, रस्त्यात होते, औषधाच्या दुकानात होते आणि आपल्या दवाखान्याच्या बाकावर होते. त्या सहा तासांत रुग्णाच्या संपर्कात येणारा पहिला जाणकार मनुष्य खेड्यापाड्यांत बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो.

वयाविषयीही सावध राहावे. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयाघात सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना जवळजवळ ५९ व्या वर्षी आल्याचे दिसून आले. सरासरी ५३ म्हणजे चाळिशीतले व त्याहून लहानही आलेच. 'इतक्या तरुण माणसाला कसला हृदयविकार' हे वाक्य आपण सोडून द्यावे. तंबाखू, मिसरी, मधुमेह, उच्च रक्तदाब, वडील किंवा भाऊ अकाली गेल्याचा इतिहास, यांपैकी एक जरी असेल तरी वयाचा आधार घेऊ नये.

आता मी काय पाहतो

जबड्यापासून नाभीपर्यंत कोठेही नव्याने सुरू झालेली, पंधरा-वीस मिनिटांहून अधिक टिकलेली अस्वस्थता आणि तिच्यासोबत थंड घाम, ही जोडी दिसली की मी अम्लपित्ताचा विचार बाजूस ठेवतो. रुग्ण 'दुखते' असे म्हणेलच असे नाही. दडपण, आवळल्यासारखे, ओझे ठेवल्यासारखे, करपट ढेकर अडकल्यासारखे, असे शब्द येतात. पुष्कळ जण शब्दाऐवजी मूठ उरावर ठेवून दाखवितात. दोन्ही दंड जड होणे, दातांच्या खालच्या ओळीत कळ येणे, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये दुखणे, हेही त्यातलेच. चालताना अथवा जिना चढताना येणारी व थांबल्यावर जाणारी जळजळ ही अन्नाची नव्हे. जिचा संबंध जेवणाशी, झोपण्याच्या स्थितीशी वा वाकण्याशी वर्षानुवर्षे ठरलेला आहे, तिच्याविषयी थोडे निश्चिंत राहता येते, पण थोडेच.

मधुमेही रुग्ण, वृद्ध आणि स्त्रिया यांच्याबाबत ही चौकटही अपुरी पडते. मधुमेहात वेदनावाहक नाड्या दुबळ्या झाल्यामुळे छातीत काहीच न दुखता केवळ एकाएकी दम लागणे, घाम फुटणे, शक्तिपात होणे एवढ्यावरच आघात उरकतो. घरातील बाई 'काही नाही, थकवा आहे' म्हणून स्वयंपाक उरकून मगच येते, आणि तिच्याबरोबर आलेली माणसेही तिचा त्रास किरकोळ ठरवूनच सांगतात. आमच्या गावातील एक साठीच्या आजी केवळ मळमळ व पाठदुखीसाठी आल्या होत्या. साखर बारा वर्षांची. तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. ईसीजी काढला, आघात निघाला. त्या वेळेत पोहोचल्या. दरवर्षी संक्रांतीस तिळगूळ पाठवितात.

ईसीजी यंत्र दवाखान्यात असावे की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. काही ज्येष्ठ वैद्यांना ते आपल्या शास्त्राशी विसंगत वाटते. मला तसे वाटत नाही. नाडीपरीक्षेवर माझी श्रद्धा आहे. शार्ङ्गधराने सांगितलेली नाडीपरीक्षा मी रोज करतो. परंतु कोणत्या धमनीत गुठळी आहे हे नाडी मला सांगू शकत नाही आणि तसा दावा करणाऱ्यांच्या रुग्णांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी ठेवीत नाही. उरोवेदनेचा रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत आलेख निघावा, असा संकेत आहे. आलेख वाचण्यात आपला हात बसलेला नसेल तर भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून हृदयरोगतज्ज्ञांस पाठविता येते. एका तज्ज्ञाशी आधी बोलून तशी व्यवस्था ठेवली की रात्रीही उत्तर येते. एक मोठी सावधगिरी मात्र बाळगावी. पहिला आलेख निर्दोष निघाला म्हणजे हृदय निर्दोष, असे नव्हे. त्रास चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढावा. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही आरंभीच्या तासांत नकारात्मक येऊ शकते. लक्षणे संशयास्पद असतील तर कागदावर विसंबून रुग्णास घरी धाडू नये. आणि यंत्र नसेल तर आलेखासाठी थांबूही नये, सरळ पुढे पाठवावे.

वाट पाहताना

रुग्णास चालवू नये. पाठ टेकून अर्धवट बसवावे, कपडे सैल करावेत, भोवतालची माणसे दूर करावीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी नाही, रक्तस्राव चालू नाही, पक्षाघाताची लक्षणे नाहीत आणि पाठीत फाटल्यासारखी वेदना होऊन दोन हातांच्या नाडीत फरक पडलेला नाही, एवढे पाहून साध्या ॲस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅम मात्रा चावून खाण्यास द्यावी. आतड्यात विरघळणारे लेप असलेली गोळी गिळण्यास दिली तर उशीर होतो. ही मात्रा क्षुल्लक वाटते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या १७,१८७ रुग्णांच्या परीक्षणात केवळ ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृद्धमनीजन्य मृत्यूंत २३ टक्के, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्के आणि दोहोंनी मिळून ४२ टक्के घट झाली होती. इतक्या स्वस्त गोळीने इतके साधणारी उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

जिभेखालची नायट्रेटची गोळी मात्र सरसकट देऊ नये. नाडी मंद, रक्तदाब कमी, अशा अधोभागीय आघातात तिने रक्तदाब कोसळून रुग्ण तेथेच मूर्च्छित होऊ शकतो. माझ्या त्या रुग्णास मी ती दिली नाही हे माझे शहाणपण नव्हते, सुदैव होते.

आणि एक विनंती हात जोडून करतो. नितंबावर वेदनाशामक सुई देण्याचा प्रघात आपण उरोवेदनेत तरी बंद करावा. वेदना झाकली जाते हा एक भाग. पुढे दोन तासांनी त्याच रुग्णास गुठळी विरघळविणारे औषध मिळाले की सुईच्या जागी स्नायूत रक्त साकळते. छातीस तेल चोळणे, शेकणे, 'पित्त पडावे' म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे, हेही याच वर्गातले.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आपल्या या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या औषधालयांच्या मालकांना या विषयात माझ्या मते आमच्याइतकीच, कदाचित अधिक, जबाबदारी आहे. कारण रुग्ण आमच्याकडे येण्यापूर्वी तुमच्या काउंटरवर उभा राहून गॅसची गोळी मागतो. त्याला निदान सांगणे हे तुमचे काम नाही. पण गोळी हातावर ठेवण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे पाहणे हे निश्चित आहे. कपाळावर थंड घाम, चेहरा राखेसारखा, हात उरावर. असा मनुष्य दिसला की त्याला बसवावे, दोन प्रश्न विचारावेत, आणि डॉक्टरांस अथवा १०८ क्रमांकास दूरध्वनी लावावा. त्याच्या विक्रीचे पाच-दहा रुपये त्या दिवशी बुडतील. घरच्या मुलाला 'बाबांना गॅस झालाय, गोळी द्या' म्हणून धाडलेले असते, तेव्हाही विचारावे : वय काय, घाम आहे का, कधीपासून.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ सालापासून चालू आहे. त्या रुग्णवाहिकांत काम करणाऱ्या डॉक्टरांत आपल्या बीएएमएस पदवीधरांची संख्या मोठी आहे, ही अभिमानाची गोष्ट आपण फारशी सांगत नाही. रुग्णास मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्यापेक्षा ती बोलवावी. मार्गात हृदय थांबले तर विजेचा धक्का देण्याची सोय मोटारसायकलवर नसते. खर्चाच्या भीतीने नातेवाईक कचरतात, त्यांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे हे त्याच क्षणी सांगावे व शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर घेण्यास सांगावे. योजनेशी संलग्न रुग्णालयांची यादी दवाखान्याच्या भिंतीवर लावून ठेवावी. रात्री अकरा वाजता ती शोधणे होत नाही.

पाठविणे म्हणजे हार नव्हे

हे सर्व ठाऊक असूनही आपला हात अडतो, याची कारणे आपणच जाणतो. रुग्ण गेला की परत येत नाही. मोठ्या रुग्णालयात एखादा कनिष्ठ डॉक्टर आपली चिठ्ठी पाहून हसतो, हे मी स्वतः सोसले आहे. दुसरीकडे, रुग्ण पाठविण्याबद्दल पाकीट स्वीकारण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, तिने पाठविण्याच्या कृतीवरील लोकांचा विश्वासच उडविला आहे. 'डॉक्टरला कमिशन मिळत असेल' असे नातेवाईक तोंडावर म्हणतात आणि अर्धा तास वाद घालण्यात जातो. ते पाकीट घेणाऱ्यांनी या अर्ध्या तासाचा हिशेबही स्वतःकडे ठेवावा.

शास्त्रार्थाने पाहता, दुसऱ्याच्या अधिकाराचा रुग्ण त्याच्याकडे सोपविणे हे आपल्या परंपरेस नवे नाही. गुल्म पक्व झाल्यावर पुढील कर्माचा अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या वैद्यांचा, असे कायचिकित्सेचे आचार्य चरकच चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगतात. नेत्ररोगांचा उल्लेख येतो तेथे, हा विषय दुसऱ्या तंत्राचा असल्याने येथे विस्तार करीत नाही, अशी मर्यादा ते स्वतःस घालून घेतात. आणि ही मर्यादा ज्या त्रिमर्मीय अध्यायात आहे त्याच अध्यायात हृद्रोगाची चिकित्सा आहे. उदरचिकित्सेत धोक्याचे कर्म करण्यापूर्वी रुग्णाच्या आप्तांस एकत्र बोलावून संशय स्पष्ट सांगावा व त्यांची अनुज्ञा घ्यावी, असा उपदेश आहे. ज्यांना संमतिपत्र ही पाश्चात्त्यांची देणगी वाटते त्यांनी तो अध्याय पुन्हा उघडावा.

चिठ्ठीविषयी थोडेसे. 'छातीत दुखते, पुढील उपचारार्थ पाठवीत आहे' एवढ्याने भागत नाही. वेदना किती वाजता सुरू झाली हे पहिल्या ओळीत, घड्याळाच्या वेळेसह लिहावे. पुढचा सारा निर्णय त्यावर ठरतो. त्यानंतर नाडी, रक्तदाब, आलेख कधी काढला, ॲस्पिरिन किती व केव्हा दिले, मधुमेह, पूर्वीचा रक्तस्राव अथवा पक्षाघात, अलीकडील शस्त्रक्रिया. आपली चालू असलेली औषधेही नावानिशी लिहावीत, रसकल्प असतील तर तेही. संकोचाने ती लपविली जातात आणि मग रुग्णालयात मूत्रपिंडाचा एखादा दोष आढळला की अर्धवट माहितीवर आपल्या शास्त्रावर खापर फुटते. शेवटी रुग्णालयास दूरध्वनी करून रुग्ण निघाल्याचे कळवावे. हसणारा तो कनिष्ठ डॉक्टर अशी चिठ्ठी हाती आल्यावर हसत नाही, हाही माझाच अनुभव आहे.

रुग्ण परत येतो. हमखास येतो, आणि बहुधा महिन्या-दोन महिन्यांत विचारतो : "डॉक्टर, ह्या रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करून आपलं काहीतरी द्या की." येथे मोह आवरावा. धमनीत जाळी बसविलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन व तिच्या जोडीची गोळी हृदयरोगतज्ज्ञांस न विचारता थांबविली तर जाळीतच गुठळी धरून दुसरा आघात येऊ शकतो, आणि तो पहिल्यापेक्षा घातक असतो. चक्रदत्ताने हृद्रोगात सांगितलेला अर्जुनक्षीरपाक, पथ्यापथ्य, तंबाखू सोडविणे, वजन व मधुमेह आटोक्यात आणणे, निद्रा, मनःस्वास्थ्य, या सर्वांत आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्या गोळ्यांच्या बरोबरीने, तज्ज्ञांस सांगून. त्यांच्या जागी नव्हे. गुग्गुळाचे कल्प किंवा लसणाचे अधिक प्रयोग रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर देतानाही हात राखून असावे.

आमच्या चौकातील औषधविक्रेत्याने काउंटरबाहेर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. पूर्वी ती तेथे नव्हती. मागच्या श्रावणात एक चाळिशीचा बसचालक गोळी मागायला उभा राहिला, तेव्हा त्याने त्याला त्या खुर्चीवर बसविले आणि मला हाक मारली. मी आलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटे झाली होती. आलेखाची प्रत शहरात गेली ती सात एकवीसला, रुग्णवाहिका निघाली ती आठच्या आत. तो चालक आता आगारात हलक्या कामावर आहे. परवा रस्त्यात भेटला, तेव्हा त्याने विचारले, "डॉक्टर, जिना चढलेला चालतो का मला?" मी म्हणालो, "चढा, पण सावकाश."